एक कोटी एकोणीस

पोस्टमन पाकीट ठेवून गेला तेव्हा नीला अन्नूच्या पाठीला तेल चोळत होती. पाकिटावरचं बारीक, डावीकडे कललेलं अक्षर तिने बसल्या जागेवरून ओळखलं आणि तिचा हात तिथेच, पोरीच्या खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे थांबला. सरांचं अक्षर. नागपूर सोडून चार वर्षं होत आली होती. लग्न, चांद्याची ही जटपुरा दरवाज्यामागची दोन खोल्यांची बिऱ्हाडाची जागा, गुणवंतरावांची जंगल खात्यातली नकाशांची नोकरी, नऊ महिन्यांची अन्नपूर्णा, या सगळ्यांत त्या अक्षराला जागा उरली नव्हती, किंवा तिने ठेवली नव्हती. तेलकट बोटांनीच तिने पाकीट फोडलं. सर लिहीत होते की ते या जूनमध्ये निवृत्त होणार. त्याआधी फेब्रुवारीत कॉलेजात गणिताचं एक प्रदर्शन भरवणार. आणि त्यात त्यांना तिची वही मांडायची आहे. ‘मुंबईस मूळ संख्यांचे छापील कोष्टक आहे म्हणतात. मला कोष्टक नको. आपल्या एका मुलीने हाताने केलेले चारशे शेहेचाळीस भागाकार लोकांनी पाहावेत असे वाटते. पहिल्या वर्षाची एक हुशार मुलगी फळ्यापाशी उभी राहील. पाहुण्यांनी तुमच्या वहीतली वाटेल ती ओळ सांगावी, आणि तिने ती भागून बाकी जुळवून दाखवावी, अशी योजना आहे. वही महिनाअखेर पाठवावी. बाळास आशीर्वाद.’ नीलाने पत्र पुन्हा वाचलं. ‘वाटेल ती ओळ’ या शब्दांवर तेलाचा डाग पडला होता आणि तो कागदात हळूहळू पसरत होता. अन्नू पालथी पडल्या पडल्या चिडून पाय झाडू लागली, तेव्हा तिने तेलाची वाटी पुन्हा जवळ ओढली.

वही ट्रंकेत होती, शालूच्या खाली. ती काढायची गरज नव्हती. तिला ती पाठ होती, निदान तिचा शेवट. बी. ए.च्या शेवटच्या वर्षी सरांनी वर्गात सहज विचारलं होतं, एक कोटीच्या पुढची पहिली मूळ संख्या कोणती? म्हणजे एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज कशानेच जिला नि:शेष भाग जात नाही, अशी. वर्ग हसला होता. नीला हसली नव्हती. त्या रात्रीपासून तिला दुसरं काही सुचेना. कोटी एक अकराने फुटली. कोटी तीन तेराने फुटली. कोटी सात मात्र टिकून राहिली, टिकून राहिली, आणि एकशे साठाव्या भागाकारात नऊशे एक्केचाळीसने फुटली, तेव्हा नीलाला वसतिगृहाच्या गच्चीवर रडू आलं होतं, आणि ते रडू किती गोड होतं! मग नऊ, मग तेरा, त्याही फुटल्या. राहिली कोटी एकोणीस. तिच्या वर्गमुळाच्या आत चारशे शेहेचाळीस मूळ संख्या. तेवढ्यांनी भागून पाहायचं, एकानेही भाग गेला नाही तर ती मूळ. तेवढंच. युक्ती नाही, बुद्धी नाही, नुसतं बसणं. डावीकडे भाजक, उजवीकडे बाकी, एका ओळीत एक. चारशे सात ओळी तिने खऱ्या लिहिल्या. दोन हजार सातशे सत्त्याण्णवपर्यंत. मग एका सकाळी व्हरांड्यात, चार मुली आणि दोन प्राध्यापक उभे असताना, सरांनी विचारलं, “काय, झालं का तुमचं?” आणि ती म्हणाली, “झालं, सर.” का म्हणाली? हे तिने चार वर्षांत स्वतःला किती प्रकारे सांगून पाहिलं होतं! ऊन होतं, डोळे दुखत होते, वडिलांचं चांद्याच्या स्थळाचं पत्र आलं होतं. यातलं सगळं खरं होतं आणि कशाचाही त्या ‘झालं’शी संबंध नव्हता. ते तोंडातून आलं, कारण ते जवळजवळ झालंच होतं, आणि सर तिच्याकडे त्या एका वेळी ज्या नजरेने पाहत होते ती नजर संध्याकाळपर्यंत थांबली नसती. संध्याकाळी वही द्यायची होती. तिने खोलीचं दार लावून उरलेल्या एकोणचाळीस ओळी अर्ध्या तासात भरल्या. भाजक खरे. बाक्या मनाच्या. सरांनी वहीतल्या पहिल्या काही पानांवरचे दहा-बारा भागाकार तिच्यासमोर करून पाहिले, खुशीत मान हलवली, आणि शेवटच्या ओळीखाली ‘तपासले’ असं लिहून सही केली. कॉलेजच्या वार्षिकात तिचं नाव छापून आलं. ते वार्षिक सासरी दाखवलं गेलं, सासरे रामाजी, वरोऱ्याकडचे शेतकरी, चष्मा नाकावर ओढून म्हणाले होते, “एवढा मोठा आकडा! अन् कोणी तोडूच नाई शकत म्हणता त्याले?” तिने मान खाली घातली होती आणि सगळ्यांनी ती लाज नव्या सुनेची समजली होती.

दुपारी गोकुळा आली. चामोर्शीकडच्या ढिवरांची, नवरा इस्तारी तळ्यावर मासे धरतो, हिवाळ्यात पाणी उतरायला लागलं की दोघं चांद्याला दिराकडे येऊन राहतात. नीलाकडे ती पाणी भरी, धुणं करी आणि दुपारी अन्नूच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून व्हरांड्यात जाळं विणत बसे. आज ती आली तीच हसत, डोक्यावर जाळ्याचं बोचकं घेऊन. “बाई, पाहा जी गंमत! चार दिवसांची मेहनत पाण्यात.” तिने जाळं फरशीवर पसरलं. फेकायचं गोल जाळं. त्याच्या काठाला दर सहा फाशांमागे, म्हणजे विणीच्या भोकांमागे, एक शिशाची गोळी बांधायची, साठ गोळ्या, म्हणजे काठाला तीनशे साठ फासे हवेत. तिने गोळ्या बांधत आणल्या, आणि शेवटी दोन गोळ्या हातात उरल्या अन् पाचच फासे. तरी तिने ओढूनताणून बसवलं, तर जाळं फेकल्यावर एका अंगाला लोंबतं, गोल पडतच नाही. “आमच्या घरचे म्हंते, हे जाळं होये का लुगड्याचा पदर? मासे हासून राह्यले म्हंते तळ्यात!” ती स्वतःच खो-खो हसली. नीलाला हसता आलं नाही. तिला आठवलं होतं. आठ दिवसांपूर्वी, याच जागी, गोकुळाने हेच जाळं तिच्या मांडीवर टाकलं होतं. “बाई, तुमी कालेजात शिकल्या, येक डाव मोजून द्या ना. म्या मोजते त सतरा विसा न तेरा भरून राह्यले. पायजे अठरा विसा. पर माह्या मोजण्याचा काय भरोसा?” गोकुळा विसांत मोजायची, वीस झाले की एक विसा, आणि पहिल्या फाशाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची. नीलाने शंभरेक फासे मोजले होते. तेवढ्यात अन्नू खोकली, तिने वळून पाहिलं, बोट फाशावरून सुटलं, मग उरलेल्या काठावरून तिने नजर फिरवली आणि सांगितलं, “अठरा विसा. बरोबर आहेत. तीनशे साठ.” इतक्या सहज. खोटं बोलतो आहोत असं त्या क्षणी वाटलंही नाही. आकडा जवळजवळ तोच होता, आणि गोकुळा तिच्याकडे, तेव्हा सरांनी पाहिलं होतं तशीच, पाहत होती.

“मग तुझे सतरा विसा तेराच बरोबर होते,” नीला म्हणाली. तिचा स्वर तिलाच परका वाटला.

“छा! असं कसं? तुमी मोजले ना.” गोकुळाने जाळ्याचा काठ हातात घेतला. “तवा अठरा विसाच होते. मंग उंदरानं खाल्ले असतीन सात फासे. दिराच्या घरी घुशी लय. म्या काल सारा दिवस त्या उंदराले शिव्या दिल्या, पिंजरा लावला. अजून सापडला नाई मेला.”

सतरा विसा न तेरा म्हणजे तीनशे त्रेपन्न. नीलाच्या मनाने तिची परवानगी न घेता तो आकडा भागायला घेतला. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, कशानेच जाईना. मूळ. या बाईने आपल्या बोटांनी एक मूळ संख्या अगदी बरोबर मोजली होती, आणि शिकलेल्या बाईने वेगळं सांगितलं म्हणून स्वतःची बोटं खोटी धरली, आणि आता दोन्ही आकडे खरे राहावेत म्हणून मधे एक उंदीर बसवला. गोकुळा खाली बसून गोळ्या सोडू लागली. शिशाची एकेक गोळी फरशीवर ठेवली जाई तेव्हा टक् असा आवाज येई, आणि प्रत्येक टक्‌ला नीलाला वाटे, आता सांगावं. आता. पुढच्या गोळीला. साठ गोळ्या सुटल्या आणि तिने सांगितलं नाही. ती आत गेली आणि ट्रंक उघडली.

वही उघडल्याबरोबर पहिली जी ओळ दिसली ती पाहून तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भाजक दोन हजार नऊशे त्रेसष्ट. बाकी तीन हजार बारा. बाकी भाजकापेक्षा मोठी! चौथीतल्या पोराला कळावी अशी चूक. इतकं घाईने, इतकं बेफिकिरीने तिने ते लिहिलं होतं, की खोटं बोलायचे साधे नियमसुद्धा पाळले नव्हते. आणि ही ओळ सरांच्या सहीच्या वीतभर वर, चार वर्षं, ‘तपासले’ या शब्दाच्या आधाराने उभी होती. सरांनी पाहिलं असेल? पाहून गप्प बसले असतील? हा विचार येताच तिला एक विचित्र आशा वाटली, की पाहिलं असेल तर आपण दोघं यात आहोत. आणि त्या आशेचीच तिला किळस आली. नाही, त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना पाहावंसंच वाटलं नव्हतं. फळ्यापाशी उभी राहणारी मुलगी तिला दिसू लागली. दोन वेण्या, खडूने पांढरी झालेली बोटं. पाहुण्यांतला कोणीतरी म्हणेल, दोन हजार नऊशे त्रेसष्ट घ्या. ती भागेल. पुन्हा भागेल. आधी स्वतःचंच चुकलं असं समजेल. पाठीमागे लोक हसतील आणि ती मुलगी लाल होऊन पुन्हा पुसेल, पुन्हा मांडील, कारण वार्षिकात छापील नाव असलेल्या बाईचं चुकणार कसं?

मग एकोणचाळीस भागाकार. तीन दुपारी, तेरा-तेरा. ती पाटीवर करी आणि बाकी एका कोऱ्या कागदावर उतरवी. वहीला हात लावत नसे. पहिल्या दिवशी हाताला सवय राहिली नव्हती, तीनदा चुकलं. दुसऱ्या दिवशी अन्नूचा खोकला छातीत उतरला, अंग तापलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मिनिटाला श्वास मोजा, पन्नासच्या वर गेले तर घेऊन या. नीला घड्याळ घेऊन पाळण्याशी बसली. एक्केचाळीस. पुन्हा मोजले, चव्वेचाळीस. पुन्हा, एकोणचाळीस. गुणवंतराव सदरा घालून, सायकलीवर टांग टाकायच्या बेतात दारात उभे. “किती सांगू डॉक्टरांना?” तिने पोरीच्या पोटाकडे पाहिलं, वर-खाली, वर-खाली. “मला नाही सांगता येत.” “अगं, तू गणितवाली ना? मोजले ना आत्ता?” “मोजले. पण तुम्ही मोजा.” ते चकित झाले, पण सायकल टेकवून आत आले, चपला न काढता उकिडवे बसले आणि बोट नाचवत मोजू लागले, ओठ हलवत, लहान मुलासारखे. बेचाळीस निघाले. तिने त्यांचा आकडा मानला. रात्री ताप उतरला. सकाळी अन्नूने भाताची पेज थुंकून देऊन सगळ्यांच्या अंगावर उडवली तेव्हा घर पुन्हा घर झालं. पण नीलाला ते वाक्य सोडेना, मला नाही सांगता येत, कारण ते तिने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि ज्या दिवशी ते म्हणायला हवं होतं त्या दिवसापासून चार वर्षं उशिरा.

तिसऱ्या दुपारी उरले ते सगळे भाजक तीन हजारांच्या पुढचे होते. आता तिच्या मनात काय चाललं होतं हे तिला कुणालाच सांगता आलं नसतं. प्रत्येक भागाकाराच्या शेवटी ती थांबे, आणि बाकी शून्य यावी असं तिला वाटे. यावीच. संख्या फुटावी, खोटं उघडं पडावं, त्याची शिक्षा व्हावी, सगळं एकदाचं सरळ व्हावं. आणि बाकी शून्य नाही असं दिसलं की छातीतलं काहीतरी सैल पडे. दोन्ही एकाच वेळी. तीन हजार तेवीसला बाकी आली दोन हजार नऊशे अठ्ठावन्न, पासष्टनेच हुकली. शेवटचा भाजक, तीन हजार एकशे सदतीस. पाटीवर खडू करकरला. बाकी दोन हजार चारशे. संपलं. एकही गेला नव्हता. एक कोटी एकोणीस मूळ होती. ती चार वर्षांपूर्वी होती, तिच्या वडिलांच्या जन्माआधी होती, कुणी भागो न भागो, कुणी खोटं लिहो न लिहो. “वाचले,” नीला मोठ्याने म्हणाली. मग तिने तो शब्द ऐकला. वाचले! कशातून? नुसत्या बाक्या बदलल्या, तो बाक्यांचा कागद वहीत शिवून टाकला, सहीसकट जुनी दोन पानं फाडली, भिजली म्हणून पुन्हा उतरवली असं सरांना लिहिलं, की जगात कुणालाही, कधीही, काहीही कळणार नव्हतं. खोटं आपोआप खरं झालं होतं. चूक निघाली असती तर निदान ती सापडली असती; आता ती सापडायलासुद्धा जागा राहिली नव्हती. हे सुचायला तिला दोन श्वास लागले नाहीत, आणि पानं फाडायची ती तिच्या डोळ्यांपुढे इतकी स्वच्छ फाटली, शिवणीपाशी एकही धागा न सोडता, की ती हात पदराखाली घेऊन बसली.

व्हरांड्यात गोकुळा जाळं दुरुस्त करत होती. नीला बाहेर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “गोकुळा, उंदराने नाही खाल्ले. मी सगळे फासे मोजलेच नव्हते. शंभर मोजले आणि बाकीचे अंदाजाने सांगितले.”

गोकुळाने आधी वर पाहिलं, थट्टा आहे का ते पाहायला. मग ती हसली, मग हसणं अर्ध्यावर थांबलं. “मंग तवाच काऊन नाई सांगतलं, बाई? म्या त त्या मुक्या जनावराले शिव्या देऊन राह्यली.” सुतळी दातांनी तोडत ती पुटपुटली, “माह्ये सतरा विसा न तेरा बराबर होते म्हणजे.” त्यात राग नव्हता. आपलीच हरवलेली वस्तू आपल्याच घरात सापडावी तसं ती ते स्वतःशी म्हणाली. नीलाला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. गोकुळाने सात फासे जोडून विणले, काठ मांडीवर ओढून घेतला आणि मोजायला सुरुवात केली, लाभ, दोन, तीन, मोठ्या आवाजात, एकेका फाशात बोट घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अठरा विसा पुरे झाले तेव्हा तिने जाळं गुंडाळून ठेवलं. नीला तिथेच उभी होती. तिला ‘पाहा जी एक डाव’ असं कुणी म्हटलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तिने वही कापडात बांधली, जुनी पानं होती तशी, आणि नवा कागद वेगळा, घडी घालून वर. पार्सल दुपारी जायचं होतं. त्याच्या आधी पोहोचावं म्हणून तिने एक पोस्टकार्ड लिहिलं. पाकीट घरात होतं. तिने कार्डच घेतलं. ‘सरांना सा. न. वि. वि. वही पाठवीत आहे. तीमधल्या शेवटच्या एकोणचाळीस ओळींतल्या बाक्या मी तेव्हा भागाकार न करता मनाने लिहिल्या होत्या. तुमची सही त्यांच्याखाली आहे. आता ते भागाकार केले, ते सोबतच्या कागदावर आहेत. संख्या मूळ आहे. पण हे मला परवा कळले. वही मांडू नये, किंवा मांडायची तर हे कार्ड शेजारी ठेवून मांडावी. त्या मुलीला आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तिला स्वतःचे चुकले असे वाटणार नाही.’ खाली सही करताना तिने माहेरचं नाव लिहिलं, मग खोडलं, मग सासरचं लिहिलं.

गुणवंतराव कचेरीला निघाले होते. तिने कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते दारातच वाचायला लागले. उघडं कार्ड, कोण वाचत नाही? त्यांचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी उगाच पत्त्याची बाजू पाहिली. “म्हणजे आमच्या बाबांना जे वार्षिक दाखवलं...”

“हो.”

“पण नंबर तर बरोबरच निघाला ना शेवटी?”

“निघाला.”

“मग कशाला सांगतेस? कोणी विचारलं तुला?”

“तो बरोबर निघाला,” नीला म्हणाली, “माझ्यामुळे नाही निघाला.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावतील असं तिला वाटलं. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. “पाकिटात घालू काय?” ते हळूच म्हणाले. “डाकघरात सगळे ओळखीचे आहेत आपल्या.” तिने मान हलवली, नको. ते पायऱ्या उतरले. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सुगंधाबाईंनी नेहमीप्रमाणे हटकलं, “का जी गुणवंतभाऊ, सकाळी सकाळी कोणाले पत्र?” “काही नाही बाई, हिच्या सरांले,” ते म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी कार्ड सदऱ्याच्या वरच्या खिशात सरकवलं, मजकुराची बाजू छातीकडे करून, आणि वरून हाताचा पंजा ठेवला. सायकल ढकलत कोपऱ्यापर्यंत ते तसेच गेले, एका हाताने हँडल धरून. दारात उभ्या नीलाला त्यांची मान मागून दिसत होती. ती लाल झाली होती.